तीन आंब्यांचा पत्ता

माझ्या वडिलांना एसटी लागते. गाडी सुटून दोन-तीन मैल झाले की त्यांचं तोंड पांढरं पडतं आणि पुढच्या थांब्याला ते उतरतात ते उतरतातच. माझ्या लग्नाला ते आटपाडीकडून सांगलीला चालत आले होते. तीन दिवस आधी निघाले, वाटेत ओळखीच्या वस्त्यांवर मुक्काम केला आणि हळदीच्या वेळेला धुतलेलं धोतर नेसून मांडवात हजर झाले. माझ्या सासरच्यांना वाटलं, काहीतरी नवस असणार. आम्हा घरच्यांना त्यात विशेष असं काही वाटलं नव्हतं.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मेंढरामागं चालणारी माणसं. दिवाळी झाली की आटपाडीकडचं रान वाळून जातं. मग मेंढरं घेऊन मावळतीच्या दिशेनं निघायचं, कऱ्हाड-साताऱ्याकडच्या ऊसपट्ट्यात हिंडायचं आणि वळीव पडायच्या सुमाराला परत फिरायचं. मेंढरं ज्या रानात मुक्कामाला बसतात त्या रानाला आयतं लेंडीखत मिळतं, म्हणून तिकडचे शेतकरी हौसेनं बोलावतात. या फिरत्या संसाराला आम्ही वाडा म्हणतो. जाळीचं कुंपण, एक घोडं, चार भांडी, दोन कुत्री, एवढा वाडा. मीही चौथीपर्यंत अर्धं वर्ष त्या घोड्यावर बसून काढलं. मग सांगलीच्या वसतिगृहात आले आणि माझं चालणं थांबलं.

आता मी सांगलीतच एका लहानशा कंपनीत काम करते. फोनवर मराठीत प्रश्न विचारला की मराठीत उत्तर देणारा एआय मदतनीस आम्ही शेतकऱ्यांसाठी तयार करतो. त्याला पिकांवरची कीड ओळखता येई, अर्ज लिहून देता येई, पण कुठं काय आहे हे मात्र त्याला मुळीच कळत नसे. आणि कळत नाही हेही त्याला कळत नसे. एकदा मी त्याला आटपाडीहून आमच्या वस्तीकडं यायचा रस्ता विचारला, तर त्यानं मोठ्या आत्मविश्वासानं मला एका पुलावरून डावीकडं वळायला सांगितलं. आमच्या वस्तीच्या आसपास कुठंच पूल नाही. पूल बांधण्याइतकं पाणीच नाही.

गेल्या वर्षी आमच्या चौघांच्या गटाकडं हेच काम आलं. मदतनिसाच्या हातात नकाशा द्यायचा. जिओकोडिंग म्हणतात त्याला, म्हणजे नाव सांगितलं की जागा शोधायची आणि जागा दाखवली की नाव सांगायचं. त्याच्या जोडीला खुला नकाशा, जो कुणीही बघावा आणि कुणीही भरावा. कुणीतरी आपल्या गावची शाळा त्यात घालतं, कुणी ओढा घालतं, कुणी देऊळ. आम्ही मदतनिसाला शिकवलं की जागेबद्दल कुणी विचारलं तर आधी तिथं बघ, मग बोल.

हातात नकाशा आल्यावर त्याची बोलण्याची तऱ्हाच बदलली. आधी फेकाफेक करणारं पोर शाळेत जाऊन वळणाला लागावं तसं झालं. मी पुन्हा आमच्या वस्तीचा रस्ता विचारला. तो म्हणाला, “या नावाची वस्ती मला नकाशात सापडत नाही. जवळचा डांबरी रस्ता दिसतो. त्याच्या पुढची नोंद अजून कुणी केलेली नाही.” मी स्क्रीनवर नकाशा मोठा करून पाहिला. खरंच, आमच्या घराच्या जागी नुसतं कोरं होतं. देऊळ नाही, विहीर नाही, लिंब नाही. मला आधी हसू आलं, मग जरा लागलंही. ज्या अंगणात मी चालायला शिकले ते जगाच्या हिशेबात अजून यायचंच होतं. एखाद्या रविवारी भरून टाकू असं ठरवलं आणि नेहमीसारखं राहून गेलं.

त्या वर्षी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, म्हणून आई वाड्याबरोबर न जाता घरी थांबली. आबा, म्हणजे माझे वडील, आणि चुलता-चुलती तेवढे मेंढरं घेऊन गेले. बाळ यायच्या आधी महिनाभर परतायचं असं आबा ठरवून गेले होते. पण बाळाला घाई होती. जानेवारीत, तारखेच्या बरंच आधी, बहिणीला मुलगी झाली. लहानखुरी, पण ठणठणीत.

आबांकडं बटणांचा फोन आहे. कुणाच्या मळ्यात चार्जिंगला लावला तर चालू, नाहीतर बंद. मी आठवडाभर लावत राहिले. आठव्या दिवशी सकाळी मी कामावर बसले असताना त्यांचाच फोन आला. मी सांगितलं, नात झाली, दोघी बऱ्या आहेत.

मग ते म्हणाले, “बारसं कवा हाय?”

तीन दिवसांनी, मी सांगितलं.

“मग न्हाई जमत गं. मेंढरं व्यायला लागल्यात. रोज दोन-चार कोकरं पडत्यात. तुझ्या चुलत्याला एकट्याला न्हाई आवरायचं.”

मी काही बोलायच्या आत शेजारी डबा द्यायला आलेल्या माझ्या नवऱ्यानं फोन हातात घेतला. तो हायस्कूलला गणित शिकवतो. त्याच्या घरातली मेंढरं आजोबांच्या काळातच गेली. त्यानं आजवर कोकरू धरलं असेल तर फोटो काढण्यापुरतं. तो म्हणाला, “आबा, मी थांबतो मेंढरांपाशी. शाळेत सांगून चार दिवस रजा काढतो. तुम्ही बारशाला जा.” मग आबा म्हणाले, “जावईबापू, काठी धराय येती का?” नवरा म्हणाला, शिकेन. आबा हसल्याचं मला फोनबाहेरूनसुद्धा ऐकू आलं.

आता प्रश्न एवढाच होता की वाडा कुठं आहे. आबांना गावाचं नाव विचारलं तर ते म्हणाले, वरची वाडी. सातारा जिल्ह्यात वरच्या वाड्या कमी आहेत का? तालुका विचारला तर म्हणाले, आम्ही कधी तालुक्याला जातो? गाव ओढ्याच्या पल्याड आहे आणि आम्ही अल्याड आहोत. रोज हलणाऱ्या माणसाला गावाचं नाव कशाला लागतं? आबांच्या डोक्यातला मुलूख वेगळ्याच नावांनी भरलेला आहे.

मी आबांना फोन चालू ठेवायला सांगितलं आणि मदतनिसाला समोर उघडलं. तोवर आम्ही त्याला सरळ पत्तेच विचारत होतो, अमुक शाळा, तमुक बाजार. असलं काही कधी विचारलं नव्हतं. आबा सांगत गेले तसं मी टाइप करत गेले. उगवतीला कारखान्याचं धुराडं दिसतं. मावळतीला डोंगर, डोंगरावर पांढरं देऊळ. मधून ओढा, ओढ्यावर फरशी, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल. फरशीच्या अल्याडच्या अंगाला तीन आंबे एका ओळीत. मागच्या बाजूला मिलिटरीतून आलेल्या एका मालकाचा मळा.

मदतनिसानं उलट प्रश्न विचारला. ओढ्याचं पाणी कुठल्या दिशेला वाहतं आणि मोठी नदी तिथून किती दूर आहे?

मी तेच आबांना विचारलं. ते म्हणाले, “हे कोण इचारतंय?”

“मशीन विचारतंय, आबा.”

“हुशार हाय की. त्याला सांग, पाणी उगवतीला जातंय. नदी मेंढरं हाकून दीड घटका.”

दीड घटका मेंढरांच्या चालीनं म्हणजे किती, यावर आम्ही तिघांनी, म्हणजे मी, नवरा आणि मदतनिसानं, थोडा खल केला. नवऱ्यानं कागदावर आकडेमोड करून दोन किलोमीटरच्या आत-बाहेर असं उत्तर काढलं. तेवढ्यात आबांच्या फोनचं चार्जिंग संपलं.

मदतनीस नकाशात शोधत राहिला. कारखाने, डोंगरावरची देवळं, ओढे आणि त्यांवरच्या फरश्या एकमेकांशी ताडून पाहत त्यानं शेवटी तीन जागा दिल्या. तिन्ही उरमोडी नदीच्या खोऱ्यात. प्रत्येकीपुढं कारण लिहिलं होतं, आणि खाली असं: “आंब्याची झाडं नकाशात नोंदवलेली नाहीत, त्यामुळे यातली नेमकी कुठली हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. दुसरी जागा वर्णनाला सर्वांत जवळची वाटते, पण पहिली तुमच्या रस्त्यावर आधी लागेल.” हे काम आम्हीच त्याला दिलेलं होतं, तरी मी ते उत्तर दोनदा वाचलं. गटातल्या बाकीच्या तिघांना बोलावून दाखवलं. आमच्या साहेबांनी तर माझा रजेचा अर्ज स्वतःच भरला आणि परत आल्यावर आंबे किती निघाले ते सांगायला बजावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आम्ही दोघं स्कूटरवरून निघालो. कऱ्हाड मागं टाकलं, हमरस्ता सोडला आणि नदीच्या अंगानं आत शिरलो. ऊसतोड जोरात चालली होती. बैलगाड्या, ट्रॅक्टर, रस्त्यावर सांडलेला ऊस. पहिल्या जागेवर फरशी होती, देऊळही होतं, पण आंबा एकच, आणि धुराडं डोंगराआड लपलेलं. नवरा म्हणाला, हे मोजायला गणिताचा मास्तर लागत नाही. आम्ही तसेच पुढं गेलो.

दुसऱ्या जागेवर मी लांबूनच आंबे पाहिले. तीन. एका ओळीत, मधला जरा वाकलेला. मी स्कूटर थांबायच्या आधीच खाली उतरले आणि पडता पडता वाचले. फरशी ओलांडून पळत गेले तर रान मोकळं. तुटलेल्या उसाच्या सऱ्यांमध्ये लेंड्या पसरलेल्या, तीन दगडांची चूल, चुलीतली राख अजून मऊ. जागा बरोबर होती, पण वाडा उठून गेला होता.

मळ्याच्या घरातून एक उंच म्हातारा गृहस्थ बाहेर आला. कान झाकणारी लोकरीची टोपी, ताठ चाल. आबांनी सांगितलेले मिलिटरीवाले मालक हेच, हे विचारावं लागलं नाही. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, तुला मी घोड्यावर बसलेलं पाहिलंय. लाल झबलं होतं. आमच्या आबांचा वाडा त्यांच्या रानात वर्षानुवर्षं बसत आला होता. पण आबांचं गाव कुठलं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांच्या वाडीला लोक काय म्हणतात, हे आबांना कधी नीट ठाऊक नव्हतं. दोघं एकमेकांना पाव्हणं आणि मालक म्हणत आणि तेवढ्यावर सगळं चालून जाई.

त्यांच्या घरातून चहा आला, गुळाची ताजी ढेप आली. बारशाचं कळल्यावर मालकांनी टोपी काढून पुन्हा घातली. ते म्हणाले, “फिकीर नको. कालच गेलेत. वढ्याच्या कडंनं वर, पुतण्याच्या रानात. चलो, मी दावतो.” आणि जाकीट न घालता तसेच आमच्या पुढं चालायला लागले.

आधी कुत्री आली. मग घंटेचा आवाज. मग आबा दिसले. खांद्यावर घोंगडं, आणि दोन्ही हातांत तासाभरापूर्वी जन्मलेलं ओलं कोकरू. त्यांनी मला पाहिलं, कोकरू अलगद त्याच्या आईजवळ ठेवलं, धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि हात पुढं केला. त्यांना काय हवं ते मला कळलं. मी फोनवरचा बाळाचा फोटो त्यांच्यासमोर धरला. ते बराच वेळ पाहत राहिले. मालकही मान वाकवून पाहत होते.

“नाक कुणाचं हाय?” आबांनी विचारलं.

“तुमचं,” मी म्हटलं.

“मग बिचारीचं कसं व्हायचं,” असं म्हणून ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. चुलती लगेच पाणी आणायला गेली. मला वाटतं, तिला सगळ्यांच्या तोंडांकडं बघायचं नव्हतं म्हणून ती गेली असावी.

दुपारपर्यंत नवऱ्याचं शिक्षण चाललं. आबा त्याला प्रत्येक गाभण मेंढी दाखवत होते आणि तो वहीत लिहून घेत होता. आबा म्हणाले, वहीत बघून कोकरू येत नसतं. तरी त्यानं लिहिलंच. आम्ही निघालो तेव्हा तो काठी उलटी धरून उभा होता आणि चुलता त्याला ती सुलटी करून देत होता. नंतर कळलं की त्या चार दिवसांत सात कोकरं झाली आणि त्यातल्या एकाला त्यानं स्वतःच्या हातानं पहिलं दूध पाजलं. शाळेत तो ही गोष्ट अजून सांगतो.

परतीच्या वाटेवर स्कूटर मी चालवत होते आणि मागं आबा. मांडीवर घोंगडं, काठी आडवी बांधलेली. मला धास्ती होती की त्यांना स्कूटरही लागेल. दोन-तीन मैल गेले, चार गेले. मी विचारलं, बरं वाटतंय का? ते म्हणाले, हितं वारं लागतंय, एसटीत कोंडून घालत्यात. आणि मग ते बोलायला लागले ते घर येईपर्यंत थांबले नाहीत.

ज्या मुलखातून मी सकाळी नुसती आले होते, त्या मुलखात आबांना प्रत्येक फर्लांगावर काहीतरी ओळखीचं दिसत होतं. हा घोडी गेली तो माळ. ही गोड्या पाण्याची विहीर, तिथं मेंढरं पाजायची, पण पलीकडच्या तळ्यावर नाही. हा चुलता हरवला होता तो ओढा. मी एका कानात मदतनीस लावला होता. आबा आपलं नाव सांगत, मी जागा विचारे आणि तो नकाशातलं नाव सांगे. कधी दोन्ही नावं जुळत, बहुतेक वेळा नाही. एका नाल्याला नकाशात नावच नव्हतं, आबांकडं त्याची दोन होती, जाताना एक आणि येताना दुसरं. मी त्यांना ते सांगितलं तर म्हणाले, बरोबर हाय, येताना त्यात पाणी नसतंय.

कऱ्हाड सोडून विट्याकडं लागलो होतो. रस्त्याच्या कडेला एक रसवंती होती. आबांनी माझ्या खांद्यावर थाप मारली आणि थांबायला सांगितलं. मला वाटलं, तहान लागली. ते उतरले, रसवंतीच्या मागच्या बाजूला गेले, इकडं तिकडं पाहिलं, मग चार पावलं डावीकडं सरकून काठीचं टोक जमिनीवर ठेवलं.

“हितं तू झालीस,” ते म्हणाले.

मी वाटेवर जन्मले हे मला ठाऊक होतं. आईला विचारलं तर ती म्हणे, कऱ्हाडकडं कुठंतरी. शाळेच्या दाखल्यावर जन्मठिकाण म्हणून आमचं गाव घातलेलं आहे. आबांनी सांगितलं की तेव्हा इथं बाभळीचं बन होतं. वाडा परतीला लागला होता आणि आईच्या कळा सुरू झाल्या. बाकीच्यांना मेंढरं घेऊन पुढं पाठवलं, चुलती आणि जवळच्या वस्तीवरची एक बाई थांबली. घोंगड्याचा आडोसा केला होता. दुसऱ्या दिवशी मला घोड्यावर घालून पुढचा मुक्काम गाठला. आता त्या जागी उसाच्या चिपाडांचा ढीग पडला होता आणि त्यावर एक कोंबडी काहीतरी टोचत होती. मी त्या ढिगाशेजारी जाऊन उभी राहिले. काय करावं ते कळेना, म्हणून फोन काढून मदतनिसाला विचारलं, मी आत्ता कुठं आहे? त्यानं गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला माझं जन्मगाव कळलं. मी ते आबांना सांगितलं. त्यांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं, बरं हाय म्हणाले, आणि दोन ग्लास रस सांगितला. रसवंतीवाल्या बाईनं आमचं बोलणं ऐकलं होतं. तिनं माझ्या ग्लासात आलं-लिंबू जास्त पिळलं आणि ग्लास रिकामा झाला की न विचारता पुन्हा भरला.

बारसं थाटात झालं. आबांनी गेल्या कातरणीतल्या कोकरांच्या मऊ जावळाचं लहानसं घोंगडं आधीच करून ठेवलं होतं. त्यात गुंडाळलेलं बाळ मांडीवर घेऊन ते दिवसभर लिंबाखाली बसले. बायकांनी पाळण्यासाठी मागितलं तेव्हा दिलं, पाळणा म्हणून झाला की परत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राहून गेलेलं काम काढलं. फोन घेऊन अंगणात बसले आणि आमची वस्ती खुल्या नकाशात घालायला सुरुवात केली. घर, देऊळ, विहीर, डांबरी रस्त्यापासूनची कच्ची वाट. आबा बाळाला घेऊन शेजारी बसले आणि हळूहळू त्यांनाच त्यात रस आला. वस्ती झाल्यावर त्यांनी वाट सांगायला घेतली. आटपाडीपासून साताऱ्यापर्यंत, मुक्कामामागून मुक्काम. मी नुसती लिहीत होते. पाणी कुठं, ओढा उतरायला सोपा कुठं, कुठल्या देवळाच्या ओवरीत पावसात थांबता येतं. मधे आई येऊन त्यांची चूक काढायची, मग दोघांचं थोडं वाजायचं, आणि बहुतेक वेळा आईचंच खरं निघायचं.

एका जागेबद्दल सांगताना आबा थांबले. मी विचारलं, इथं काय घालू? ते म्हणाले, “हे कुणाकुणाला दिसणार?”

सगळ्यांना, मी म्हटलं. म्हणूनच त्याला खुला म्हणतात. इथं लिहिलं की आमचा मदतनीसही तेच सांगणार, विचारील त्याला.

त्यांनी बाळाला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. “मग पाणी सांग. पाणी समद्यांला सांग. वाट बी सांग. पण चारा कुठं हाय ते घालू नगंस. आन्‌ कुणाच्या मळ्यात आमी बसतो ते बी न्हाई. ती त्यांची जागा हाय, त्यांला इचारल्याबिगर कशाला?”

आमच्या कार्यालयात याच गोष्टीवर आम्ही चौघांनी दोन बैठका घालवल्या होत्या, काय उघडं ठेवावं आणि काय नाही. सोमवारी मी आबांचं म्हणणं तसंच्या तसं सांगितलं. तीन आंबे निघाले हेही सांगितलं. साहेबांनी दोन्ही लिहून घेतलं. माझ्या जन्माची जागा मी नकाशात घातली नाही, माझ्या फोनमध्ये ठेवली. रसवंती मात्र घातली.

महिनाभरानं मी सहज त्या नोंदी पाहत होते तर विट्याच्या अलीकडची एक विहीर मी ठेवली होती तिथं नव्हती. कुणीतरी ती रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला सरकवली होती. कोण, ते कळायला मार्ग नव्हता. नकाशात फक्त एक टोपणनाव दिसत होतं. मला राग आला. आबा तोवर पुन्हा वाड्यावर गेले होते. चार्जिंग असलेला दिवस गाठून मी त्यांना सांगितलं की कुणीतरी तुमची विहीर हलवलीय.

त्यांनी वाटेतली वळणं एकेक करून पुटपुटली. मनात त्या रस्त्यावरून चालून पाहत असावेत. मग म्हणाले, त्याचं बरोबर आहे. विहीर उजव्या अंगालाच. मी येतानाची बाजू सांगितली, तू जातानाची धरलीस. आणि त्यांचा आवाज एकदम खुलला. म्हणजे त्या विहिरीवर मेंढरं पाजलेला कुणीतरी तुमच्या त्या नकाशात बसलाय, असं ते म्हणाले. कुठला असेल, जतचा की म्हसवडचा, याचा त्यांनी पुष्कळ अंदाज केला.

“त्याला काय सांगता येतं का गं?” त्यांनी विचारलं.

येतं, मी म्हटलं. नोंदीखाली लिहिता येतं.

“मग लिही. म्हणावं, विहीर बरोबर घातलीस. आता उतराय पायऱ्या कुठल्या अंगाला हायत ते बी घाल.”

मी तसंच लिहिलं, त्यांच्याच शब्दांत. चार दिवसांनी पाहिलं तर पायऱ्या आल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी मेंढरांना पाणी पाजायची दगडी डोण.